कानाची खूण

आमच्या डोंगरावर कुंपण नाही.
वेल्समधल्या एका खोऱ्याच्या डोक्यावर
चार घरांची मेंढरं एकाच गवतावर चरतात
आणि तरी कुणाची कुणात मिसळत नाहीत.
कसं काय, असं लहानपणी विचारलं
तर इदवाल म्हणाला, आईला विचार.
तुझ्या नव्हे. मेंढीच्या.

कोकरू पहिल्या उन्हाळ्यात आईमागे फिरतं.
हा ओढा, ही कातळाची पाठ,
इथवर आपलं.
वारा सुटला की या खळग्यात बसायचं.
मग एका साली तेच
आपल्या कोकराला घेऊन फिरतं.
कागदावर काही नाही.
आमच्या भाषेत याला कनेव्हिन म्हणतात,
माणसाच्या ठावठिकाण्यालाही तोच शब्द.

जुलैत लोकर उतरवायची.
धुकं असतानाच सगळे वर चढतो,
आज यांची मेंढरं, उद्या त्यांची.
मजुरी कुणी देत नाही, घेत नाही. सावडच ती.
ज्याची लोकर त्याच्याकडे जेवण,
आणि मनुकांचा पाव कडक निघाला
तर वर्षभर बोलणं.
इदवाल आणि गेथिन एका एडक्यावरून
अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत,
पण मेंढीचे पाय धरून द्यायला
बोलावं कुठे लागतं?

मग हेल्वेनचा नवरा गेला
आणि तिनं मेंढरं विकली.
सगळी. एका गुरुवारी, दोन ट्रकमधून.
महिनाभरात इदवालची मेंढरं
ओढा ओलांडून तिच्या बाजूला,
गेथिनची त्यांच्या मागे,
आणि आमची थेट खालच्या रस्त्यावर,
पोस्टाच्या गाडीसमोर.
तेव्हा कळलं,
आमचं कुंपण तिची मेंढरं होती.

चौथ्या साली तिथे नेचे खांद्याला लागले.
खाली गवत नाही, फूल नाही, नुसता ओला अंधार.
लांब वाकड्या चोचीचा कर्लू
मोकळं रान बघून जमिनीवर अंडी घालतो,
तो घिरट्या घालून निघून गेला.

चर्चच्या मागच्या खोलीत बैठक झाली.
चहा, भांडण, परत चहा.
ठरलं असं: प्रत्येक घराच्या वीस कोकरी,
नेचे तुडवायला गेथिनच्या सहा काळ्या गाई,
आणि साठही कोकरींच्या कानाला
हेल्वेनच्या घराची खूण, डावीकडे दोन खाचा.
राखायला मी. सतरा वर्षांची,
परीक्षेत नापास, म्हणून मोकळी.

पहिल्याच दिवशी अडले.
राखायचं कुठवर?
मला माहीत नाही. इदवालला अंदाज.
कुत्र्याला तर काहीच नाही.

तेव्हा हेल्वेन वर आली.
वय एकोणऐंशी, हातात नवऱ्याची काठी,
दर दहा पावलांवर थांबत, शिव्या देत.
म्हणाली, हा पांढरा दगड. इथवर.
मग ही वाकडी रोवनची झुडपं. इथवर.
इथून खाली नाही, इथे चिखल गिळतो,
इथे बर्फात सासऱ्यांना बारा मेंढ्या जिवंत सापडल्या.
अख्खा दिवस ती पुढे
आणि मागे मी, कुत्रा, साठ कोकरी.
उतरताना म्हणाली, हसू नकोस.
मला ठाऊक होतं, मी कशी दिसत होते.

दोन उन्हाळे मी त्या पांढऱ्या दगडापाशी बसले.
माघारी वळवायचं, पुन्हा वळवायचं.
बूट फाटले, इदवालनं नवे आणून दिले,
पैशाचं काढलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

यंदा त्या मेंढ्यांची पहिली कोकरं.
काल मी मुद्दाम लांब बसले, कुत्रा बांधून.
एक मेंढी चरत चरत दगडापाशी आली,
मान वर केली, वळली.
तिचं पोर दोन उड्या पुढे गेलं,
मागे बघितलं,
आणि पळत आलं.

नेचे गुडघ्यापर्यंत उतरलेत.
कर्लू अजून नाही.
मंगळवारी पहाटे आवाज आला, असं हेल्वेन म्हणते.
तिला नीट ऐकू येत नाही,
पण गेथिननं, कुणी न सांगता,
वरच्या कुरणाची कापणी ऑगस्टवर ढकलली आहे.
आणि हे त्यानं इदवालला
स्वतः जाऊन सांगितलं.